भेंडवळचा घट आणि 'कालचं हवामान'

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. संशोधनाचं वेळापत्रक आखताना आपणही भाकीतच करतो, नाही का?

सॉफ्टवेअरवाल्यांचंही असंच होतं. १९९६ मध्ये केंट बेक आणि रॉन जेफ्रीज क्रायस्लर कंपनीच्या पगारप्रणालीवर काम करू लागले. अंदाज 'आदर्श दिवसां'त द्यायचे, म्हणजे मीटिंग नाही, फोन नाही असा दिवस. प्रत्यक्षात अशा एका दिवसाच्या कामाला साधारण तीन दिवस लागत आणि मॅनेजर गोंधळत. मग 'दिवस' हा शब्दच काढून 'पॉइंट' मोजायला लागले. याच मंडळींनी 'कालचं हवामान' हा नियम वापरला: मागच्या फेरीत जेवढं पूर्ण झालं, तेवढंच या फेरीत हाती घ्यायचं.

माझं एक प्रकरण तीन आठवड्यांत होणार होतं, अकरा लागले. फेलोशिपची मुदत काही थांबत नाही. म्हणून आता वहीत दोन रकाने ठेवलेत, अंदाज आणि प्रत्यक्ष. तुम्हीही आजपासून लिहा. दोन महिन्यांत कळेल, तुमचा एक दिवस खरा किती दिवसांचा असतो.