आजोबा, तेव्हा तुम्ही काय केलंत?

परवा नात ऑरवेलची 'नाइन्टीन एटीफोर' संपवून गॅलरीत आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर आणीबाणी पाहिलीत. तेव्हा तुम्ही काय केलंत?" उलव्यात संध्याकाळी खाडीवरून वारा छान येतो, पण या प्रश्नाने मला घाम फुटला.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली तेव्हा मी पंचविशीचा, नुकताच नोकरीला लागलेला इतिहासाचा मास्तर. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, मिसाखाली धरपकड सुरू झाली. १ जुलैला वीस कलमी कार्यक्रम आला. मग शाळेत त्यावर निबंध, भित्तिपत्रकं, प्रभातफेऱ्या... फळ्यावर ती वीस कलमं सुवाच्य अक्षरात मीच लिहून देत असे. आमच्यातले एक सर एके दिवशी आलेच नाहीत. त्यांना रात्री उचलल्याचं नंतर कळलं. शिक्षकांच्या खोलीत कोणी त्यांचं नाव काढलं नाही. मीही नाही. त्यांच्या वर्गाचा हजेरीपट तेवढा माझ्याकडे आला.

ऑरवेल मी वाचला तो आणीबाणी उठल्यावर, १९७८ साली, मांडीवर शब्दकोश घेऊन. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, दुसरा इलाज नव्हता. (हा गृहस्थ १९०३ साली आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला बरं का!) कादंबरी १९४९ ची. लोक त्यातल्या 'बिग ब्रदर'बद्दल बोलतात. मला धडकी भरली ती विन्स्टनच्या नोकरीने. तो जुनी वर्तमानपत्रं 'दुरुस्त' करतो, नकोशा झालेल्या माणसांची नावं पुसतो. कारकुनी काम, तेही नेटकं. हा तर मीच की!

आणि त्या राज्यातला शब्दकोश दर आवृत्तीला बारीक होत जातो. ते वाचताना मला आपल्या भिंती आठवल्या : 'बातें कम, काम ज्यादा'. 'अनुशासन पर्व' हा विनोबांचा शब्द. त्यांच्या मनात आचार्यांचं अनुशासन होतं, असं त्यांनी पुढे स्पष्ट केलं. पण तोवर शब्द सरकारी पोस्टरवर जाऊन बसला होता.

हे पुस्तक आधी वाचलं असतं तर मी बोललो असतो का? खरं सांगू, शंका आहे. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ सालीच रंगभूमीवर आलं होतं. रात्री घराबाहेर पडायला परवाना हवा, आणि कोतवाल निर्माण करणारे नाना शेवटी नामानिराळे! आम्ही भांडलो कशावर, तर नाना फडणवीसांची बदनामी झाली की नाही यावर. तीन वर्षांनी आणीबाणी आली तेव्हा मला ते नाटक आठवलंसुद्धा नाही.

आठवण ठेवावी ती दुर्गाबाई भागवतांची. डिसेंबर १९७५, कराडचं साहित्य संमेलन. त्या अध्यक्ष, आणि स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण! तिथे बाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. पुढे १९७६ साली त्यांना अटक झाली. त्यांच्या पाठीशी भविष्याची भयकथा नव्हती, थोरो होता. सरकारला कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा तो अमेरिकन, त्याचं 'वॉल्डन' बाईंनीच मराठीत आणलं होतं. म्हणजे पुस्तकाचा उपयोग होतो; पण वाचणारा दुर्गाबाई असावा लागतो.

पुढे खरोखरीचं १९८४ उजाडलं. त्या जानेवारीत इथे शेजारी जासई-नवघर भागात जमिनीच्या लढ्यात गोळीबार होऊन पाच जण गेले. पण तो विषय वेगळा, पुन्हा केव्हातरी लिहीन.

नातीला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आणि ते सर?"

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली, त्यानंतर काही दिवसांनी सर परत आले. बरेच वाळले होते. आले ते आपल्या खुर्चीत बसले आणि हजेरीपट मागितला. मी दिला. त्यांनी पानं चाळली, महिन्यामहिन्यांच्या लाल शाईतल्या बेरजा पाहिल्या आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमचं."