पॉवर स्टेशनमधला एक टेक

साल 1978. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, पश्चिमेकडच्या 53व्या रस्त्यावर तुम्ही उभे आहात. समोरच्या इमारतीत एकेकाळी कॉन एडिसन कंपनीचं वीजकेंद्र होतं. म्हणून गेल्या वर्षी इथे निघालेल्या स्टुडिओचं नाव पडलं ‘पॉवर स्टेशन’. आत शिरा. डोक्यावर घुमटासारखं लाकडी छत, भिंतीही लाकडाच्याच. टोनी थॉम्प्सनची काठी ड्रमवर पडते आणि तो ठोका तुम्हाला कानाआधी छातीत जाणवतो.

बासवर बर्नार्ड एडवर्ड्स, गिटारवर नाइल रॉजर्स. त्यांच्या ‘शीक’ बँडच्या यशानंतर अटलांटिक रेकॉर्ड कंपनीने निर्माते म्हणून काम करण्यासाठी या दोघांपुढे बड्या कलाकारांची नावं मांडली होती. त्यांनी मात्र मागितलं फारसं नाव न झालेलं कुणीतरी. कंपनीचे अध्यक्ष जेरी ग्रीनबर्ग मग फिलाडेल्फियाच्या चार बहिणींबद्दल भरभरून बोलले, एकमेकींना किती धरून असतात ते सांगितलं. त्या वर्णनावरूनच दोघांनी गाणं रचलं, बहिणींची भेट होण्याआधी.

त्या बघा, आल्याच. डेबी, जोनी, किम आणि धाकटी कॅथी. सिस्टर स्लेज. आजी व्हायोला विल्यम्स ऑपेराची गायिका; गळे तिच्या तालमीत तयार झालेले. चार वर्षांपूर्वी किन्शासाच्या संगीत महोत्सवात गाऊन आल्यात, पण अमेरिकेत मोठं यश अजून हाती लागलेलं नाही.

19 वर्षांची कॅथी माइकसमोर उभी राहते, हेडफोन चढवते. गाणं तिला आधी ऐकवलेलंच नाही. हा निष्काळजीपणा नाही, निर्मात्यांनी मुद्दाम तसं ठरवलंय. घोटून घोटून गुळगुळीत झालेला आवाज त्यांना नको आहे. टेप फिरू लागते. शब्द कळतात तशी ती ते उचलते, आणि पुढची ओळ कुठे वळणार याची उत्सुकता तिच्या आवाजात साफ ऐकू येते. ठरलेलं गाऊन संपतं, तरी ताल थांबत नाही. मग ती मोकळी सुटते, स्वतःच्या मनाने जागा घेत जाते. आठ मिनिटांच्या वर चालणाऱ्या ‘वी आर फॅमिली’चा मुख्य आवाज एकाच टेकमध्ये घेतला जातो. डिस्को म्हणजे यंत्राने काढलेलं संगीत, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला या खोलीत आणून उभं करायला हवं.

जानेवारी 1979 मध्ये त्याच नावाचा आठ गाण्यांचा अल्बम बाजारात येतो. ‘ही इज द ग्रेटेस्ट डान्सर’ आणि शीर्षकगीत, दोन्ही अमेरिकेत सोल संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जातात.

आता 12 जुलैला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये या. बेसबॉलच्या मैदानात, डिस्कोचा राग असलेल्या जमावासमोर, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला जातोय. त्यात डिस्कोशी काही संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांच्याही तबकड्या आहेत. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, असं माझं ठाम मत आहे. जमाव मैदानात घुसतो, त्या दिवशी ठरलेला दुसरा सामना होतच नाही.

आणि त्याच वर्षीचा ऑक्टोबर पाहा. कप्तान विली स्टारजेलने संघाचं गाणं म्हणून ‘वी आर फॅमिली’ उचललंय. त्याचे पिट्सबर्ग पायरेट्स तीन-एक असे मागे पडूनही बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकतात. ज्या खेळाच्या मैदानात डिस्को जाळला, त्याच खेळाच्या विजेत्यांच्या तोंडी डिस्को!

शीर्षकगीताने मात्र बाकीच्या अल्बमला झाकोळून टाकलं, याची मला मनापासून खंत आहे. ‘लॉस्ट इन म्युझिक’ आणि ‘थिंकिंग ऑफ यू’ यांना ब्रिटनमध्ये खरं यश मिळालं ते 1984 मध्ये. माझ्या लेखी ‘थिंकिंग ऑफ यू’ हेच या अल्बममधलं सर्वोत्तम गाणं. नाइलच्या गिटारचे ते छोटे, कोरडे फटकारे आणि त्यांच्या खालून वाट काढत जाणारा बर्नार्डचा बास नीट ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तो बास हाती लागत नाही. चांगले हेडफोन लावा आणि आठही गाणी ओळीने ऐका.