पुढचा कोच कोण?



ही गोष्ट जुलै २०२५ ची. लिहू लिहू म्हणत राहून गेली. एक तर आळस, आणि दुसरं कारण शेवटी सांगतो.

तर झालं असं की आमच्या ऑफिसातल्या पाच जणांनी जुलैच्या शेवटच्या विकांताला थळला जायचं ठरवलं. थळ म्हणजे अलिबागच्या उत्तरेचं गाव. बर्‍याच जणांना ते खताच्या कारखान्यामुळे माहीत असतं. पावसाळ्यात बोटीचा भरवसा नाही म्हणून गाडीने निघालो, वडखळच्या ट्रॅफिकला यथेच्छ शिव्या घातल्या आणि दुपारी पोचलो. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे होड्या किनार्‍यावर ओढून ताडपत्रीखाली झोपलेल्या आणि आमच्या ताटात सुकट, बोंबील, तांदळाची भाकरी. तक्रार अजिबात नाही :)

पडवीत बसलं की समोर दोन बेटं दिसतात. अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. त्याच महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात खांदेरी आहे. म्हणजे गप्पा खरं तर किल्ल्यांवर व्हायला हव्या होत्या. पण आमच्यात एक बंगाली, एक गोंयकार आणि तीन मुंबईकर! विषय कुठे जाणार? भारताच्या फुटबॉल संघाचा मॅनोलो मार्केझ त्याच महिन्याच्या सुरुवातीला पद सोडून गेला होता. १७० अर्जांतून तीन नावं उरली होती: इंग्लंडचा स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचा श्टेफान तारकोविच आणि आपला खालिद जमील.

आणि हो, त्या अर्जांत चक्क पेप ग्वार्डिओला आणि झावी यांच्या नावाचेही ईमेल होते. झावीच्या अर्जाची बातमी दोन दिवस जगभर फिरली, मग फेडरेशननेच सांगितलं की ते ईमेल खरे नव्हते. आपल्याकडे एचआरला बोगस रेझ्युमे येतात ते काय वेगळं! हसून झालं, पण मला त्यात एक गंमत दिसली. मोठं परदेशी नाव आलं म्हटल्यावर आपण सगळेच आधी खूश झालो. मेल खरा आहे का, हे कुणी नंतर विचारलं.

वाद अर्थात हाच झाला: देशी की परदेशी?

गोंयकार म्हणाला, परदेशीच हवा. बंगाली बाबू म्हणाला, देशी कोच म्हणजे वशिला आला. मी एकटा तावातावाने खालिदच्या बाजूने. चौथा वाद पेटवून भाकरीकडे वळला. पाचवा, आमचा सगळ्यात सीनियर डेव्हलपर, गप्प बसून ऐकत होता. त्याचं पुढे येईल.

मी माझी बाजू मांडली ती अशी. आपल्या फुटबॉलने जे काही मोठं मिळवलं ते एका हैदराबादी शाळामास्तरच्या हाताखाली. सय्यद अब्दुल रहीम. आधी हैदराबाद सिटी पोलीसचा कोच. या संघाने आपल्या मुंबईत येऊन १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप नेला. मुंबईच्या जुन्या प्रेक्षकांनी रहीमसाहेबांचा खेळ असा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. १९५० पासून ते देशाचे कोच. १९५१ ला दिल्लीत एशियन गेम्सचं सुवर्ण. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना हॅटट्रिक केली ती नेव्हिल डिसूझाने, मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर घडलेला. १९६२ ला जकार्तामध्ये दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण. तोवर कॅन्सरने त्यांना पोखरलं होतं. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. २०२४ चा ‘मैदान’ सिनेमा त्यांच्यावरच आहे.

गोंयकार शांतपणे म्हणाला, "१९५२ चं सांगितलं नाहीस."

खरं आहे. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं होतं. कोच तेच, रहीमसाहेब. आपली बरीचशी पोरं तेव्हा अनवाणी खेळली. आता विचार करा, आजच्या काळात १०-१ ने हरलेला कोच दुसर्‍या दिवशी तरी टिकला असता का? रहीमसाहेब टिकले आणि दहा वर्षांनी जकार्ता झालं. तेव्हा हा मुद्दा माझ्या डोक्यात नीट शिरला नाही, पण आता वाटतं की सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे.

परदेशी कोचचा जमाखर्चही वाईट नाही बरं का. १९६४ च्या आशियाई कपात आपण उपविजेते, तेव्हा कोच इंग्लंडचा हॅरी राइट. १९८४ ला त्या स्पर्धेत पुन्हा पोचवलं ते युगोस्लाव्हियाच्या मिलोवान चिरिचने. मग सत्तावीस वर्षं खडखडाट, आणि २०११ ला पुन्हा नेलं ते बॉब हाउटनने. हा तोच हाउटन, ज्याने १९७९ मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबला युरोपियन कपच्या फायनलपर्यंत पोचवलं होतं. त्याला आपण २००६ ते २०११ अशी पाच वर्षं दिली.

आणि हाउटननंतरच्या देशी कोचना किती दिली? २०११ मध्ये डेंपोला कितीतरी विजेतेपदं मिळवून देणारा आर्मांदो कुलासो आला, तो तात्पुरता. काही महिन्यांत गेला. त्याच्यानंतर सावियो मेदेरा, हाही गोव्याचाच. त्याने डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत सॅफ चषक जिंकून दिला. मार्च २०१२ मध्ये काठमांडूच्या चॅलेंज कपात तिन्ही सामने हरलो, आणि विषय संपला. पुढची तेरा वर्षं एकही भारतीय त्या खुर्चीत कायमचा बसला नाही.

म्हणजे बघा, परदेशी माणसाला आपण करार देतो आणि घरच्या माणसाला चार्ज. ‘बघ जमतंय का, तोवर आम्ही दुसरा शोधतो’ असं म्हणून.

मुंबईची कथा तर अजून झणझणीत आहे. मुंबई सिटी २०१४ मध्ये निघाली. पीटर रीड, आनेल्का, गिमाराइश, जॉर्ज कोस्टा, लोबेरा, बकिंगहॅम, क्रॅटकी असे एकामागून एक नेमलेले कोच परदेशी. त्यातल्या लोबेराने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकले, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण त्याआधी या शहरात मुंबई एफसी नावाचा एक गरीब क्लब होता, २००७ मध्ये सुरू झालेला. खालिद जमील तिथे आधी खेळाडू होता. २००९ ला त्यालाच कोच केलं. तुटपुंज्या पैशांत सात वर्षं त्याने तो संघ आय-लीगमध्ये तगवून धरला. खेळ रटाळ, बरेच सामने बरोबरीत. आम्ही पोरं कंटाळायचो. ‘याला काढा, कुणीतरी बरा आणा’ हे मी स्वतः किती वेळा म्हटलंय!

२०१६ मध्ये तो क्लबमधून गेला. पुढच्याच हंगामात मिझोरमच्या ऐझॉलने त्याला घेतलं. हा संघ आदल्या वर्षी खालच्या विभागात गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत वर आला. ३० एप्रिल २०१७ ला ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारतातला पहिला! आणि त्याच हंगामात सगळ्यात खाली कोण होतं माहितीये? मुंबई एफसी. घसरला तो घसरलाच.

आम्हा मुंबईकरांच्या वाटेला हे पाप आहेच. अंगणातला आंबा गोड लागला नाही, शेजार्‍याने अढी घातल्यावर लागला.

एवढं सगळं होईपर्यंत संध्याकाळ झाली. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका चहा घेऊन आले. जन्म मासेमारीत गेलेला. त्यांना विचारलं, "काका, तुमच्यात तांडेल कसा ठरतो?" शहरी वाचकांसाठी: तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. ते म्हणाले, "खलाशी म्हनून चार-सा वर्सं गेली का कलतं कोनाला पानी समजतं ते. मग मालक ठरवतो." आणि मासळी नाही मिळाली तर? "मालक तांडेल बदलतो. दर्यात मासली नाय, हे त्याला कोन सांगनार?"

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत.

आता समोरच्या खांदेरीबद्दल थोडंसं, कारण ती गोष्टही याच प्रश्नाची आहे. महाराजांनी आरमार उभारायला घेतलं १६५९ च्या सुमारास, कल्याण-भिवंडीला. तेव्हा जहाजं बांधायला आणलेला मुख्य माणूस परदेशी होता: रुइ लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज, बरोबर त्याचे कारागीर. पुढे वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांचं मन वळवलं आणि ही मंडळी काम सोडून गेली. पण तोवर इथल्या लोकांनी ती विद्या उचलली होती. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरीवर तटबंदीचं काम सुरू झालं तेव्हा बेटावर मायनाक भंडारी होता आणि मदतीला दौलतखानाचं आरमार. सामान आणि माणसं जायची ती इथूनच, थळच्या किनार्‍यावरून. मुंबईकर इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वाट अडवली. पण वल्ह्यांनी चालणार्‍या मराठी होड्या वारा पडला तरी पळायच्या आणि उथळ पाण्यातून निसटायच्या. ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने उंदेरी बळकावली ती गोष्ट वेगळी, पण खांदेरी राहिली ती राहिली.

म्हणजे परदेशी माणूस आणण्यात कमीपणा कधीच नव्हता. तो गेल्यावर आपल्याकडे काय उरतं, हा खरा प्रश्न. आपल्या फुटबॉलमध्ये चिरिच गेला, हाउटन गेला, आणि पुढच्या माणसाने पुन्हा पाटी कोरी करून श्रीगणेशा केला.

१ ऑगस्ट २०२५ ला निकाल लागला: खालिद जमील. मी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले. सुरुवात झकास झाली. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं, मग ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपात तिसरा नंबर. आणि मग ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी तिकडे १-१, मडगावला १-२, आणि २०२७ च्या आशियाई कपाचं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. गोंयकाराने मला एक शब्दही न लिहिता नुसता थळच्या होडीचा फोटो पाठवला. ताडपत्रीखालची होडी.

पण न्यायाने बोलायचं तर तीच फ्रेम खालिदच्या बाजूनेही लागू होते. जुलैमध्ये, म्हणजे तो यायच्या आधीच, इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम करारांच्या घोळात लटकवून ठेवला होता. खेळाडूंना सामनेच नाहीत! होडी किनार्‍यावर, आणि आपण विचारतोय तांडेल कोण.

असो. आता ते दुसरं कारण.

त्या रात्री जेवणानंतर सगळे झोपायला गेले. मी आणि तो सीनियर डेव्हलपर पडवीतच बसलो होतो. त्याच्याबद्दल सांगायचं म्हणजे, आमचा मॅनेजर नोकरी सोडून गेल्यावर आठ महिने टीम यानेच सांभाळली होती. पद नाही, पगार तोच. दोन रिलीज वेळेवर दिले. मग वरच्यांनी आम्हा सगळ्यांना एकेकटं बोलावून विचारलं, याला करायचं की बाहेरून आणायचा? आणि बाहेरून माणूस आला.

तो म्हणाला, "आज तू खालिदसाठी फार छान भांडलास रे." बस्स, एवढंच.

मी काही बोललो नाही. कारण त्या बंद खोलीत मी म्हणालो होतो, ‘बाहेरून आणा. फ्रेश माणूस येईल, नवीन काहीतरी आणेल.’ त्याच्यात काय कमी आहे असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. फक्त रोज बघत होतो म्हणून तो साधा वाटत होता. मुंबई एफसीच्या बाकावरच्या खालिदसारखा.

त्याला हे माहीत होतं की नुसता अंदाज होता, मला माहीत नाही. डिसेंबरमध्ये तो दुसर्‍या कंपनीत गेला, लीड म्हणून. ही पोस्ट टाकायच्या आधी मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कळलं होतं. पुढच्या वेळी थळला जाताना मलाही बोलवा."

बोलावणार आहे. मासेमारी चालू असताना.

तुमच्या ऑफिसात, तुमच्या आवडत्या संघात हा प्रश्न कधी आला, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? खरं काय ते सांगा. भेटू पुढच्या विकांताला!