न्यूट्रल आहे का?

वायरमनने बोर्डाचे चार स्क्रू काढले, सनमायकाची पाटी तारांवर लोंबकळत सोडली, मोबाइलची टॉर्च आत मारली आणि विचारलं, "न्यूट्रल आहे का?" प्रश्न मला नव्हता, भिंतीला होता.

घर मुंबईतल्या दिंडोशीतलं, नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीतलं. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन सामान्य माणसांच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं भांडले, त्यातून इथे सहा हजारांवर घरं उभी राहिली. घरं हिशेबाने बांधलेली, तसं वायरिंगही हिशेबाचंच. खोलीला बोर्ड एकच. त्यावर ट्यूबचं बटण, बल्बचं बटण, पंख्याचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर आणि पाच अँपिअरचा प्लग. या सगळ्या कुटुंबाच्या मागे, लाकडी पेटीच्या पोटात, काडेपेटीएवढी एक डबी बसवायची होती. स्मार्ट रिले म्हणतात ती. बाहेरची बटणं तीच राहणार, फक्त दिवा फोनवरूनही लागणार.

साध्या बटणाला न्यूट्रल लागत नाही. फेज बटणात येतो, बटण खाली केलं की पुढे दिव्याकडे जातो, न्यूट्रल दिव्याला परस्पर मिळतो. पण डबीला फोनची हाक ऐकायला चोवीस तास जागं राहावं लागतं. जागरणाला वीज थोडीशीच लागते, फार तर वॉटभर, पण वीज म्हटलं की फेज आणि न्यूट्रल दोन्ही आले. म्हणून ही डबी बसवणारा जगात कुठेही गेला तरी आधी हाच प्रश्न विचारतो, आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर "नाही" असं येतं. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत न्यूट्रल छतातल्या दिव्यापाशीच थांबतो, बटणाकडे नुसता फेज उतरतो आणि परत चढतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांतही हीच तऱ्हा. शेवटी त्यांच्या वायरिंगच्या नियमावलीत २०११च्या आवृत्तीपासून बटणाच्या पेटीपर्यंत न्यूट्रल आणून ठेवावा असं कलम घालावं लागलं.

आमच्या वायरमनने काळी तार चिमटीत धरून दाखवली. "आहे. प्लगचा आहे."

आता हा प्लग तिथे कुठून आला, यातच आपल्या बोर्डाची सगळी कुळकथा आहे. वायरिंग आपण इंग्रजांकडून घेतलं, गोल पिनांचा प्लगही त्यांचाच. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्लग बाजूला सारला, चौकोनी पिनांचा आणला आणि सॉकेटं भिंतीच्या तळाशी, वेगळ्या वर्तुळाकार सर्किटवर नेली. दिव्याची बटणं एकीकडे, सॉकेटं दुसरीकडे. आपण गोल पिनाही सोडल्या नाहीत आणि प्लगला वेगळं बिऱ्हाडही करून दिलं नाही. रेडिओ, टेबलफॅन, नंतर मोबाइलचा चार्जर, सगळं दिव्याच्या बटणाशेजारी, छातीच्या उंचीवर, मुलांच्या हाताला लागणार नाही असं. प्रत्येक प्लगला स्वतःचं बटण. तार वाचली, भिंत कमी फोडावी लागली. आणि प्लगला न्यूट्रल लागतोच, म्हणून तो बोर्डापर्यंत आला. काटकसरीने केलेली सोय पुढच्या पिढीतल्या एका डबीच्या कामी येईल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. लाकडी पेटीचंही तसंच. आजच्या मॉड्युलर बटणांच्या पत्र्याच्या उथळ डब्यात रिले कोंबताना वायरमनचा जीव मेटाकुटीला येतो. जुन्या पेटीत आणखी दोन डब्या मावल्या असत्या.

बटण मात्र बोर्डाहून जुनं. विजेचे दिवे आले तेव्हा ते लावायला-मालवायला साधे पत्र्याचे तुकडे सरकवत. हात हळू सरकला तर दोन तुकड्यांमध्ये ठिणगीचा धागा ओढला जाई, तुकडे जळत. १८८४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने त्यात स्प्रिंग घातली. माणसाचा हात कितीही रेंगाळो, तोडायचं काम स्प्रिंग एका क्षणात करते. बटणाचा 'खट्' आवाज हा तिचा. मराठीत त्याला खटका म्हणतात. बंदुकीला खटका, उंदराच्या पिंजऱ्याला खटका, दोन माणसांत उडतो तोही खटकाच. ताण साठवायचा आणि एकदम सोडायचा, हे या शब्दात आधीपासूनच होतं, वीज यायच्याही आधी. पण बोलताना आपण खटका म्हणत नाही, बटण म्हणतो. आणि दिवा बटणाने लागला तरी क्रियापदं तेलवातीच्या दिव्याचीच ठेवली आहेत. दिवा 'लावायचा' आणि 'मालवायचा'. 'विझवायचा' म्हटलं की जुनी माणसं अजून दचकतात.

मुंबईत विजेचा प्रकाश पहिल्यांदा १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात पडला, आणि तो पाडणारी कंपनी वर्षभरात बुडाली. शहराला नीट वीज मिळू लागली ती १९०५मध्ये स्थापन झालेल्या बेस्टकडून. उपनगरांची गोष्ट निराळी. इथे वीज आधी रुळांवरून आली. जानेवारी १९२८मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. म्हणजे मालाड-गोरेगावच्या फलाटांवरून विजेवरची लोकल जात होती, आणि या भागात घरोघर वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली त्यानंतर, १९२९ साली. तिचं नाव आणि मालक तेव्हापासून बदलत गेले. दिंडोशीत म्हातारी माणसं अजूनही "बीएसईएसचं बिल आलं का?" असंच विचारतात.

इंग्रजांच्या वायरिंगबरोबर त्यांची सवयही आली, बटण खाली म्हणजे चालू. अमेरिकेत उलटं, वर म्हणजे चालू. बटणाकडे नुसतं बघून दिवा लागलाय की नाही हे कळण्याची ही सोय पहिल्यांदा मोडली ती जिन्याच्या दिव्याने. खाली एक बटण, वर एक, दोन्हीकडून दिवा लागला पाहिजे. आयटीआयमध्ये वीजतंत्री होणाऱ्या आणि तारतंत्री होणाऱ्या (वायरमनचं हे सरकारी नाव, वायरमन स्वतः ते कधी उच्चारत नाही) दोघांनाही जिन्याचं वायरिंग घोटून घ्यावं लागतं. त्यात बटण खाली आहे की वर, याला काही अर्थ उरत नाही. दुसरं बटण कसं आहे त्यावर सगळं अवलंबून.

मला वाटतं, भिंतीतल्या स्मार्ट रिलेचा खरा आजोबा हा जिन्याचा टू-वेच. फरक इतकाच की वरच्या मजल्याचं बटण आता तुमच्या खिशात आहे, किंवा पुण्याला गेलेल्या मुलाच्या हातात. रिले बसली की भिंतीवरच्या बटणातून दिव्याची वीज जातच नाही. बटण डबीला फक्त निरोप देतं, दिवा लावते डबी.

रिले हा शब्द घोड्यांचा. फ्रेंच भाषेत वाटेत बदलायला ठेवलेल्या ताज्या घोड्यांना, शिकारीतल्या ताज्या कुत्र्यांना हे नाव होतं. आपल्याकडे डाकेचे टप्पे असत तसंच, दमलेल्याने थांबायचं आणि ताज्या दमाच्याने तीच थैली पुढे न्यायची. तारायंत्राच्या काळात लांबून आलेला प्रवाह क्षीण होई. मग त्या क्षीण प्रवाहाने एक चुंबक ओढायचा, चुंबकाने पट्टी ओढायची आणि पट्टीने नव्या बॅटरीचं सर्किट जोडायचं. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३५च्या सुमाराला ही युक्ती करून पाहिली. दिंडोशीच्या बोर्डात आज जी 'टिक' ऐकू येते ती त्याच पट्टीची. चिपमधला तीन-साडेतीन व्होल्टचा दुबळा इशारा आणि दिव्याचे २३० व्होल्ट यांच्यामध्ये टप्प्याचा घोडा तोच आहे.

घरातली उपकरणं लांबून चालवायचा उद्योगही नवा नाही. स्कॉटलंडमधल्या एका कंपनीने १९७५मध्ये घराच्या विजेच्या तारांतूनच इशारे पाठवायची एक्स-टेन नावाची पद्धत काढली होती. पण गिरगावापासून दिंडोशीपर्यंत कुणी बोर्ड उघडायला लागलं ते चिप स्वस्त झाल्यावर. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ साली ईएसपी-८२६६ ही वायफायची चिप काढली, ती एखाद्या वडापावाच्या पार्टीच्या पैशात मिळू लागली आणि हौशी मंडळींनी तिच्या पाठीवर रिले बांधली. या कंपनीचं एक कार्यालय पुण्यात आहे. दिंडोशीच्या भिंतीतल्या डबीत चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या काही ओळी बाणेर-बालेवाडीकडच्या कुणीतरी लिहिलेल्या असतील, या कल्पनेने मला उगाचच बरं वाटतं.

डिमरची गोष्ट वेगळी, आणि इथे आपला सांधा थोडा निखळतो. दिवा मंद करायची हौस नाटकवाल्यांची. आधी प्रवाहाच्या वाटेत मोठाले रोध घालत, कुठे कुठे मिठाच्या पाण्याच्या पिंपात पत्रे वर-खाली करत. प्रकाश कमी व्हायचा आणि वाचलेली वीज उष्णता होऊन विंगेतल्या माणसाला भाजायची. भिंतीवरच्या बटणाच्या जागेत मावेल असा डिमर जोएल स्पिराने न्यूयॉर्कच्या घरी १९५९मध्ये बनवला. तो वीज अडवत नाही, कापतो. आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लाटेचा तुकडा छाटून उरलेला दिव्याला देतो. दिंडोशीपासून हाकेच्या अंतरावर चित्रनगरी आहे. तिथे डिमरशिवाय संध्याकाळ होत नाही. पण आमच्या घरांत दिवा मंद करायचा कुणी? आपला डिमर म्हणजे झिरोचा बल्ब. तो झिरो नसतो, बारा-पंधरा वॉट खातो, पण जुन्या मीटरचं चाक तेवढ्याने फिरायचं नाही म्हणून झिरो, असं सांगतात.

खरा डिमर आपण दिव्याला नाही, पंख्याला लावला. रेग्युलेटर हा त्याचाच भाऊ. पूर्वीचा तो गरम होणारा काळा ठोकळा म्हणजे नाटकवाल्यांचा रोध, नंतरचा छोटा, पंख्याला गुणगुणायला लावणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर म्हणजे स्पिराच्या कुळातला. हल्लीच्या टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतो, तो गुणगुणत नाही. म्हणून स्मार्ट डिमर आणून पंख्याला लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पंख्यासाठी वेगळी डबी मिळते, ती घ्या. आणि पंखा बीएलडीसी असेल तर रेग्युलेटर काढूनच टाका. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या ॲटमबर्गने असे पंखे घरोघर पोचवले. पंचाहत्तर वॉटच्या जागी तीसेक वॉटमध्ये ते फिरतात, वेग त्यांच्या पोटातच ठरतो. बाहेरून वीज कापून दिलेली त्यांना चालत नाही.

दिव्यांचं दुखणं उजालाने वाढवलं. २०१५च्या जानेवारीत ही योजना सुरू झाली आणि देशभर एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले. वीज वाचली, बिलं उतरली, पण ते बल्ब मंद व्हायच्या जातीचे नव्हते. साध्या एलईडीला डिमर लावला की तो निम्म्यावर फडफडतो आणि मग पटकन डोळे मिटतो. शिवाय न्यूट्रल नसलेल्या जागी, म्हणजे आमच्या पॅसेजच्या एकट्या बटणापाशी, न्यूट्रलशिवाय चालणारी डबी लावून पाहिली, तर मालवलेला बल्बही रात्रभर भुतासारखा मिणमिणत राहिला. अशी डबी आपलं जागरण बल्बमधूनच थेंब थेंब वीज ओढून करते, आणि एलईडीला तेवढे थेंबही पुरतात. वायरमनने बल्बशेजारी एक कपॅसिटर जोडला, मिणमिण थांबली.

हॉलच्या दिव्याचं गणित मात्र बिनसलं. मी तो सूर्यास्ताला आपोआप लागेल असं फोनमध्ये ठरवलं होतं. आई रोज दिवेलागणीला देवाजवळ निरांजन लावते, मग हॉलचं बटण दाबते आणि ट्यूब लागली की तिलाही हात जोडते. पहिल्या संध्याकाळी ती आतून आली तेव्हा ट्यूब लागलेलीच होती. तिने सवयीने बटण दाबलं. रिलेने निरोप ऐकला आणि दिवा मालवला. आई अंधारात हात जोडून उभी.

"दुसऱ्यांदा दाब," मी म्हणालो.

"तिन्हीसांजेला दिवा गेला ना रे," ती म्हणाली.

त्या एका दिव्याचं वेळापत्रक मी त्याच रात्री काढून टाकलं. पॅसेजचं अजून आहे.