पोरगा फर्स्ट शिफ्टला, सून जनरलला : मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांचा हिशेब कोण ठेवतंय?

पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोल्हापूर मागं टाकून कागलकडं निघालं की लक्ष्मी टेकडीपाशी डाव्या हाताला एमआयडीसीचा रस्ता लागतो. कागदावरचं नाव कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. दोन तालुक्यांत पसरलेली ही वसाहत लोकांच्या तोंडी नुसती ‘फाईव्ह स्टार’ आहे. किर्लोस्करच्या इंजिनापासून रेमंडच्या कापडापर्यंत बरंच काही इथं तयार होतं. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड या पट्ट्यातली हजारो माणसं इथल्या शिफ्टवर जगतात.

आता या गावातलं एखादं घर बघा. पोरगा आठवडाभर फर्स्ट, पुढचा आठवडा सेकंड, मग नाईट. सून जनरल शिफ्टला. नातवंडं शाळेत. घरात दिवसभर कोण? सत्तरीची आई आणि पंच्याहत्तरीचे आबा. दोघांनाही बीपी, आईला शुगर, आबांना प्रोस्टेट आणि गुडघे. फ्रिजवर गोळ्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी.

कंपनीत शिफ्ट बदलताना चार्ज दिला जातो. मशीन कशी चालली, कुठला पार्ट बदलला, काय अर्धवट राहिलं हे सगळं लिहून ठेवायचं आणि मगच घरी जायचं. घरी मात्र चार्ज कुणी कुणाला देत नाही. "आत्ती, गोळी घेतलीसा काय?" "घेतली की." विषय संपला. कुठली घेतली, किती घेतल्या, जेवणाआधी की नंतर, हे कुणालाच माहीत नसतं.

डॉक्टरांना विचारलं तर ते सांगतील की म्हातारपणी आजाराइतकाच, कधी कधी त्याहून जास्त त्रास औषधांच्या गोंधळानं होतो.

एका गोळीवर दुसरी गोळी

हे कसं घडतं त्याचं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. बीपीसाठी अॅम्लोडिपिन नावाची गोळी सर्रास दिली जाते. स्वस्त आणि चांगली गोळी आहे. पण काही जणांच्या पायावर तिनं सूज येते. पाय सुजले म्हणून घरचे दुसऱ्या डॉक्टरकडं नेतात, सोबत जुना कागद नसतो. सुजेवर लघवी जास्त होणारी गोळी मिळते. मग रात्री तीनदा-चारदा उठावं लागतं. अंधारात संडासकडं जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

घरात सगळे म्हणतात, "वय झालं, पडली." खरं तर सुरुवात पहिल्या गोळीपासून झाली होती. तेव्हाच डोस कमी केला असता किंवा गोळी बदलली असती, तर पुढचं टळलं असतं.

दुसरा प्रकार त्याहून साधा. गावातल्या डॉक्टरांनी एका कंपनीची बीपीची गोळी दिली, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची. नावं वेगळी, पाकिटाचे रंग वेगळे. आतलं औषध एकच, टेल्मिसार्टन. आजी दोन्ही घेते, कारण दोन्ही डॉक्टरांनी सांगितलंय. बीपी खाली गेलं की चक्कर येते आणि त्या चकरेवर तिसरी गोळी सुरू होते.

म्हणून ती फ्रिजवरची पिशवी आहे तशी उचलून एकाच डॉक्टरसमोर ओतायची. मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, शेजारच्या काकूंनी दिलेली अॅसिडिटीची स्ट्रिप, डोळ्यांचे थेंब, सगळं. "यातलं काय आता लागत नाही?" असा सरळ प्रश्न विचारायचा. वर्षातून एकदा तरी आणि दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की लगेच हे करायचं. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करायचं नाही. काही बीपी-हृदयाच्या गोळ्या, स्टेरॉइड, झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं.

शुगर वाढण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त

शुगर वाढली की घरात गदारोळ होतो, उतरलेली शुगर मात्र लक्षातही येत नाही. तरुण माणसाची शुगर उतरली तर हात कापतात, घाम येतो, भूक लागते. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणं पुसट असतात. माणूस नुसता गप्प बसतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा पडतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसानं गोळी घेतली आणि एकटं असल्यामुळं जेवण टाळलं, की हा धोका उभा राहतो. ‘भूक नाही, चहाच घेतला’ हे वाक्य अशा घरात फार महागात पडतं. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे तर आधीच विचारून ठेवायचं.

शंका आली तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर तपासायची आणि कमीच असेल तर पुन्हा द्यायची. बरं वाटल्यावर काहीतरी खायला घालायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, कारण या गोळ्यांचा असर लांबतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

यामुळंच म्हातारपणी शुगरचं टार्गेट सैल ठेवतात. धडधाकट माणसात तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७ ते ७.५ च्या आत चालते. बरेच आजार असतील तर ८ पर्यंतही डॉक्टर समाधानी असतात. "आमच्या आईची ७.८ आहे, डॉक्टर लक्षच देत नाहीत" असं म्हणण्याआधी हे माहीत असावं.

आणि हो, गूळ. हा ऊसपट्टा आहे, त्यामुळं ‘साखर बंद केली, गुळाचा चहा पितो’ हे घरोघरी ऐकू येतं. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि रक्तातली शुगर तो वाढवतोच. गुऱ्हाळावरून आणलाय म्हणून स्वादुपिंड सूट देत नाही.

बीपी बसून मोजलं, उभं राहून मोजलं काय?

बीपीची गोळी चालू असलेल्या वयस्कर माणसाचं बीपी दोनदा बघावं लागतं. आधी पाच मिनिटं शांत बसवून, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला, तर उठताना चक्कर येऊन पडायचा धोका आहे. आबांना प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर हे हमखास तपासावं, कारण तीही बीपी उतरवते. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर कडेला बसायची सवय लावायची. रात्रभर एक बारका दिवा चालू ठेवायचा. बाथरूममध्ये भिंतीला पकडायला दांडी बसवायची. फॅब्रिकेशनवाला अर्ध्या तासात बसवून देतो आणि या भागात फॅब्रिकेशनवाल्यांची कमी नाही.

मिठाचं म्हणाल तर दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून एक छोटा चमचा. खर्डा, लोणचं, पापड यातच निम्मं मीठ संपतं. पण काही घरांत उलटं टोक गाठतात, मीठ पूर्ण तोडतात. लघवीची गोळी चालू असताना असं केलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो.

‘म्हातारचळ लागला’ म्हणण्याआधी

काल चांगला बोलणारा माणूस आज नातवाला ओळखत नाही, रात्रभर जागतो, ‘घरात कोणतरी आलंय’ म्हणतो. याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात, काही ठिकाणी अंगारा लावतात. विसराळूपणाचा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो. एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ बहुतेक वेळा शरीरातल्या बिघाडाचा असतो. लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, तटलेली लघवी, चार दिवसांचा मलावरोध, उतरलेली शुगर, घसरलेलं सोडियम किंवा नवीन सुरू झालेली गोळी. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन असून ताप नसेल असंही होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कारण सापडलं तर बरेच जण पुन्हा पहिल्यासारखे होतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट घरचे विचारत नाहीत. दुपारी घरात कुणी नसतं, संडास परसात असतो, पडायची भीती वाटते, म्हणून आजी मुद्दाम पाणी कमी पिते. तिथं ‘पाणी पी’ म्हणून ओरडून उपयोग नाही, संडासची वाट सोपी करावी लागते.

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक झालं तर तो पक्षाघात धरायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. कागलहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर. वेळ जातो तो ‘पोरगा ड्युटीवरून येऊ दे’ म्हणण्यात. त्यामुळं पोराला फोन नंतर, १०८ आधी. माणूस शेवटचा चांगला कधी दिसला ती वेळ लिहून ठेवायची, डॉक्टर तीच पहिल्यांदा विचारतात.

गुडघे, आणि फाउंड्रीतली वर्षं

गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून रोज आणून खाणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. या गोळ्या बीपी वाढवतात, पोटात अल्सर करतात, किडनीवर ताण आणतात. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना ही तिसरी पडली, तर किडनी अचानक बसू शकते. त्यामानानं पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात, बरं. सोबत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. ‘गॅरंटीच्या’ बिनलेबलच्या पुड्यांपासून लांब राहायचं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं देशभर उघडकीस आली आहेत.

या भागातली आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगायला हवी, ती म्हणजे वडिलांनी आयुष्यभर काय काम केलं. फाईव्ह स्टारच्या आधी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी होत्या, फाउंड्र्या होत्या. मोल्डिंग आणि फेटलिंगला वाळूच्या धुळीत वर्षं काढलेल्या माणसाला नोकरी सुटल्यावरही सिलिकोसिस दिसू शकतो आणि सिलिकोसिस असेल तर टीबीचा धोका वाढतो. तिथं ‘म्हातारपणाचा खोकला’ म्हणून सिरप पाजत बसण्यापेक्षा छातीचा एक्स-रे आणि थुंकी तपासलेली बरी. यंत्रमागावर किंवा प्रेसवर राबलेल्यांचे कान गेलेले असतात. उत्तर चुकीचं देतात म्हणून घरचे त्यांना ‘विसरभोळे’ ठरवतात, त्यांना खरं तर ऐकूच येत नसतं.

खर्चाचं काय?

कंपनीत ईएसआय कापला जात असेल (सध्या महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू आहे) तर कामगारावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात बसतात. त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे, ती एचआरला विचारा. बऱ्याच जणांनी भरती होताना फॉर्मवर आई-वडिलांची नावंच टाकलेली नसतात. ती नंतरही घालता येतात.

वय ७० च्या वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ ला ही योजना सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही आणि ईएसआय असलेल्यांनाही ती मिळते. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते दवाखान्यात अॅडमिट झाल्यावरचे. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. मोठं काही असेल तर कोल्हापुरात सीपीआर आहेच.

सेकंड शिफ्टला निघायच्या आधी एक कागद फ्रिजवर चिकटवा. औषधाचं पाकिटावरचं आणि आतलं अशी दोन्ही नावं, डोस, वेळ, कशासाठी, कुठल्या औषधाची अॅलर्जी, आणि खाली १०८, शेजाऱ्यांचा नंबर, कंपनीच्या गेटचा नंबर. गेटचा यासाठी की लाईनवर मोबाईल बऱ्याचदा लॉकरमध्ये असतो.