पीडीएफला वाचता येतं का?

गेल्या दिवाळीत आमच्या मंडळाच्या अंकाची मांडणी माझ्या गळ्यात पडली. कारण एकच: "तू कॉम्प्युटरवाला ना!" (सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो, टीव्ही जोडता येतो आणि दिवाळी अंकही काढता येतो, असा आपल्याकडे ठाम समज आहे.) अंक छापून झाला, पीडीएफ सगळ्यांना धाडली आणि तिसऱ्या दिवशी एका काकांचा फोन आला. काका निवृत्त शिक्षक. काचबिंदूनं दृष्टी गेली, पण एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर लावून रोज तासन् तास वाचतात. म्हणजे ऐकतात. अंकात त्यांचाही लेख होता.

"अरे, माझा लेख तू कुठल्या भाषेत छापलायस?"

त्यांनी फोन स्पीकरजवळ धरला. यंत्र भराभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं म्हणत होतं. मध्येच पानाचा नंबर, मग पुन्हा कंस. मला आधी वाटलं त्यांचं सॉफ्टवेअर बिघडलंय. ते बिघडलं नव्हतं. मग शनिवार-रविवार खणत बसलो, आणि खणता खणता पार १९६९ला पोचलो.

तर झालं होतं असं. मजकूर कॉम्प्युटरला सांगायच्या दोन पद्धती. एक म्हणजे "हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे" असं अर्थानं सांगायचं. १९६९मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जीएमएल बनवली ती याच विचारानं. तिची १९८६मध्ये एसजीएमएल झाली आणि वेबची एचटीएमएल त्याच घराण्यातली. दुसरी पद्धत म्हणजे "इथून इतक्या अंतरावर जा, हा फाँट घे, हे अक्षर उमटव". ही पोस्टस्क्रिप्टची. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२मध्ये अ‍ॅडोबी काढली आणि १९८४मध्ये पोस्टस्क्रिप्ट आणली. १९८५मध्ये ती अ‍ॅपलच्या लेझरप्रिंटरमध्ये बसली, त्याच वर्षी आल्डसचा पेजमेकर आला, आणि डीटीपी नावाचा धंदा जन्माला आला. गल्लीतल्या एका खोलीत बसून पुस्तक जुळवता यायला लागलं. खिळे जुळवणारे हात एका पिढीत रिकामे झाले, पण तो वेगळा विषय आहे.

वॉर्नॉक यांनी १९९१मध्ये 'कॅमलॉट' नावाचं एक टिपण लिहिलं. कुठल्याही मशीनवर पान हुबेहूब तसंच दिसावं, एवढी त्यातली इच्छा. तीच १९९३मध्ये पीडीएफ होऊन बाहेर आली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पीडीएफला पान 'दिसायचं' होतं, वाचायचं नव्हतं. आत दोन कॉलम आहेत हे तिला माहीत नसतं. बऱ्याच फायलींत शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून नसते. पुढचं अक्षर जरा लांब उमटवलंय, एवढंच. माणूस डोळ्यांनी क्षणात ताडतो की हे शीर्षक, ही चौकट, हा तळाचा पान क्रमांक. डीटीपी करणाऱ्यालाही हे माहीत असतंच. पण 'प्रिंट' म्हटलं की ती माहिती गळून पडायची, आणि उरायची ती शाई.

हे पहिल्यांदा कोणाला खुपलं असेल? अर्थात ज्यांना शाई दिसत नव्हती त्यांना. इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, वाडिया कॉलेजात गणित शिकले, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल. १९९४चा त्यांचा प्रबंध म्हणजे अ‍ॅस्टर नावाची प्रणाली. ती गणिताची किचकट समीकरणं आवाजात वाचून दाखवायची, आणि ऐकणाऱ्याला हव्या त्या तुकड्यावर मागेपुढे जाता यायचं. हे जमलं, कारण त्यांनी छापलेलं पान घेतलंच नाही. लेखकानं लाटेकमध्ये लिहिलेली मूळ फाईल घेतली, जिच्यात अपूर्णांकाला अपूर्णांक म्हटलेलं असतं. प्रबंधाला एसीएमचा पुरस्कार मिळाला. पुढे काही वर्षं ते अ‍ॅडोबीतही होते.

२००१मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. अमेरिकेत 'कलम ५०८'चे नियम जूनपासून लागू झाले, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांना अपंगांना वापरता येईल असंच तंत्रज्ञान घेणं भाग पडलं. आणि अ‍ॅक्रोबॅट ५ बरोबर पीडीएफ १.४ आली, तिच्यात 'टॅग्ड पीडीएफ'. शाई तशीच ठेवायची आणि तिच्या मागे एक झाड उभं करायचं: पहिल्या पातळीचं शीर्षक, परिच्छेद, यादी, तक्ता, चित्र आणि चित्राचं वर्णन. पान क्रमांकासारख्या गोष्टींवर 'हे वाचू नकोस' अशी खूण. गोल्डफार्बचं घराणं मागच्या दारानं शाईच्या घरात आलं म्हणा ना!

पण हे झाड लावणार कोण? इनडिझाइनमधून पीडीएफ काढायची, मग अ‍ॅक्रोबॅटमध्ये बसून हातानं टॅग सुधारायचे. साहेबांनी एक स्वल्पविराम बदलला की पुन्हा पीडीएफ, की पुन्हा सगळे टॅग पहिल्यापासून. २०११च्या सीएस ५.५मध्ये जरा माणुसकी आली. परिच्छेदाच्या स्टाइललाच टॅग बांधता यायला लागला, वाचनाचा क्रम 'आर्टिकल्स' नावाच्या खिडकीत लावता यायला लागला आणि चित्राचं वर्णन मूळ फाईलमध्येच लिहायची सोय झाली. पुढच्या वर्षी पीडीएफ/यूए हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

आता माझी फाईल. मी शीर्षकं कशी केली होती? शब्द निवडायचे, ठळक करायचे, २४ पॉइंट करायचे. स्टाइल वगैरे काही नाही. रोज ऑफिसमध्ये ज्युनियरच्या कोडवर नाक मुरडणारा मी! एक अख्खी संध्याकाळ घालवून स्टाइल लावल्या, क्रम लावला, टॅगसकट नवी पीडीएफ काकांना पाठवली. यंत्र आता अगदी स्पष्ट म्हणालं, "शीर्षक, पातळी एक", आणि पुढे परत कंस आणि टक्के.

हे आपलं खास मराठी दुखणं. पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. त्यामुळे श्रीलिपी, आकृती वगैरेंच्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे अर्धा त, कुठे वेलांटी. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता, आणि मराठी छपाई त्यांच्याच जिवावर चालली. पण फाईलच्या पोटात अक्षर इंग्रजीच. वर देवनागरीचा फक्त मुखवटा. टॅगला हे कळत नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या अधिकृतपणे आल्या २०१२च्या सीएस६मध्ये, पण तोवर सवयी, जुन्या फायली आणि जुने फाँट सगळीकडे मुरले होते. आमच्या मंडळाचा फाँटही असाच कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून पिढीजात चालत आलेला.

बरं, युनिकोड केलं की सुटलो असंही नाही. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो, पण पानावर वेलांटी आधी उमटते. शाईच्या क्रमानं मजकूर उचलला की तो 'िक' होतो. यावर पीडीएफमध्ये 'अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट' नावाची सोय आहे: इथे काय चितारलंय ते सोड, खरा मजकूर हा. सॉफ्टवेअरनं ती वापरली तर ठीक. म्हणून प्रत्येक लेख कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहिला. सगळ्यात सोपी परीक्षा हीच. तुमच्याकडच्या कुठल्याही मराठी पीडीएफवर करून बघा, बहुतेक दचकाल.

मी सगळा अंक कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला, तुटलेली जोडाक्षरं हातानं सांधली, स्टाइल पुन्हा लावल्या. तीन वीकेंड गेले. चौथ्या रविवारी सकाळी काकांचा फोन.

"वाचला रे पूर्ण अंक. माझ्या लेखात, दुसऱ्या उपशीर्षकाखाली, एक वाक्य लागोपाठ दोनदा आलंय."

मी छापील अंक काढून पाहिला. चौघांनी मुद्रितं तपासली होती. वाक्य तिथेही दोनदाच होतं.