वॅटचा आकडा आणि उल्हासनगरचं नाव

दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचं उल्हासनगर झालं. मागे घरदार सुटलेल्या या माणसांच्या हाती उरला तो व्यापार आणि छोटं उत्पादन. त्यातूनच ‘मेड इन यूएसए’, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा शिक्का गावाला चिकटला. त्या शिक्क्याच्या नकली मालात ग्राहक फसला, हा आक्षेप खराच आहे. पण ध्वनियंत्रांपुरतं बोलायचं तर ग्राहकाला भुलवणारं मोठं साधन होतं ‘पीएमपीओ’: क्षणभराच्या कमाल शक्तीचा, ठरलेल्या मापाविना फुगवलेला आकडा. 1990 च्या दशकात तो नामवंत कंपन्यांच्या खोक्यांवरही झळकत असे. मग दोष एकट्या उल्हासनगरला का द्यायचा?

अंबरनाथ-बदलापूरच्या फ्लॅटसाठी आज होम थिएटरचा रिसीव्हर निवडताना म्हणूनच नावापेक्षा आरएमएस (सलग टिकणाऱ्या शक्तीचे) वॅट पाहावेत. तेही किती ओहमवर, किती चॅनेल एकदम चालवून मोजलेत, हे विचारून. चार ओहमचे स्पीकर न झेपणारा रिसीव्हर तापून बंद पडतो. वायरीची एक सुटी तार शेजारच्या टोकाला टेकली, तरी तो स्वतःला वाचवायला बंद होतो. अशा वेळी प्लग काढून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवाव्यात आणि रिसीव्हर नुसताच चालू करून पाहावा. तरीही बंद पडला, तर बिघाड आत आहे आणि काम कारागिराचं आहे.